ओटा खाली घ्या, पण जांभ्याच्या चिऱ्यात ब्रॅकेट नको

व्हीलचेअरवर बसून स्वयंपाक करता यावा म्हणून ओटा ३४ वरून ३० इंचांवर आणा आणि भिंतीत ब्रॅकेट ठोकून त्यावर बसवा, असा सल्ला दिला जातो. उंचीचं बरोबर. पण गुडघ्यांसाठी खाली २७ इंच उंच, १९ इंच खोल मोकळी जागा लागते. म्हणजे ग्रॅनाइट आणि आधार मिळून ३ इंचांतच बसवायचे. खरा घोळ सिंकचा. ६ इंचांहून खोल नको, भोक मागच्या कडेला हवं, नाहीतर ट्रॅप (सिंकखालचा वाकडा पाइप) मांडीला लागतो.

भिंतीत ब्रॅकेट ठोकायचा सल्ला मात्र गोव्यातल्या जुन्या घरांत चालणार नाही. तिथल्या भिंती चिऱ्याच्या. चिरा सच्छिद्र, फास्टनर (भिंतीत बसवायचा बोल्ट) आवळला की आतून भुगा होतो, ओटा पुढे झुकतो. जमिनीवर उभी स्टेनलेसची चौकट करा, पाय दोन टोकांना. साधं लोखंड इथल्या खाऱ्या, दमट हवेत गंजतं. आणि सिलिंडर ओट्याखाली नकोच!