‘डिस्कव्हरी’ला मराठीत काय म्हणावं?

अनुवादवाली: कॅलिफोर्नियातल्या मोटार विम्यावरचा लेख मराठीत आणतेय. विमा नसलेल्या गाडीने ठोकलं, तर तिथे आपल्याच कंपनीकडे भरपाई मागता येते. मिळणार की नाही, किती, यावर जमलं नाही की प्रकरण लवादाकडे. मग येतो ‘डिस्कव्हरी’च्या, म्हणजे समोरच्याकडून माहिती-कागद मिळवण्याच्या, भांडणांवरचा परिच्छेद. यंत्राने दिलंय ‘शोध विवादांचा न्यायालयीन आढावा’. मला थेट कोलंबस दिसला.

उंटावरचा शहाणा: ‘प्रकटीकरण’ घ्या. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या हिंदी पाठात आदेश ११ चा मथळा ‘प्रकटीकरण और निरीक्षण’ असा आहे. इंग्लंडनेही १९९९ मध्ये लागू झालेल्या दिवाणी नियमांत ‘डिस्कव्हरी’ काढून ‘डिस्क्लोजर’ आणला.

अनुवादवाली: प्रकटीकरण म्हटलं की खांबातून नरसिंह बाहेर येतो हो. कोर्टात बोलताना काय म्हणतात?

जुना वकील: ताई, तालुका कोर्टात ‘कागद हजर करा’ म्हणतात. पण ती पुढची पायरी. आदेश ११, नियम १२: ताब्यात कोणते कागद आहेत ते शपथेवर सांगा. नियम १४: हजर करा. नियम १५: समोरच्याला पाहू द्या. कागदांपुरती आपली डिस्कव्हरी म्हणजे पहिली पायरी. अमेरिकेत त्या एका शब्दात लेखी प्रश्नावली, शपथेवरच्या जबान्या, जखमीची डॉक्टरी तपासणी, सगळंच येतं. कंपनी जुने दवाखान्याचे कागद मागते. बाई म्हणते, मान दुखावली माझी, दहा वर्षांपूर्वीच्या बाळंतपणाचे कागद कशाला? हे ते भांडण. ‘माहिती व कागद देण्यावरून वाद’ असं लिहा.

उंटावरचा शहाणा: आणि ‘आढाव्या’च्या जागचा मूळ ‘रिव्ह्यू’? पुनर्विलोकन सरळ आहे की.

जुना वकील: तिथेच पाय घसरतो. त्याच कोर्टाने आपला निर्णय पुन्हा तपासला तर पुनर्विलोकन, आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ११४. उच्च न्यायालयाने खालच्याचा तपासला तर पुनरीक्षण, कलम ११५. इथे दोन्ही नाही. तिथल्या विमा संहितेच्या कलम ११५८०.२ खालच्या लवादात हे वाद थेट सुपिरियर कोर्टात, म्हणजे तिथल्या खटले चालवणाऱ्या कोर्टात, जातात. ते ठरवायचा अधिकार लवादाला नाहीच, असं तिथल्या अपील कोर्टाने २००४ मध्ये सांगितलं. लवादाने काही ठरवलेलंच नसेल तर पुन्हा बघायचं काय? आपल्याकडे उलट आहे. १९९६ च्या लवाद कायद्यात कलम १९ प्रमाणे दिवाणी प्रक्रिया संहिता लवादाला बांधत नाही. पुराव्यासाठी कोर्टाची मदत हवी तर कलम २७, तीही लवादाने मागायची किंवा त्याच्या संमतीने पक्षकाराने.

अनुवादवाली: मग असं? ‘माहिती व कागदपत्रे देण्यावरून वाद झाल्यास त्याचा निर्णय लवाद नव्हे, न्यायालय करते.’

जुना वकील: झकास. मथळ्यात ‘प्रकटीकरण’ ठेवा, पहिल्या उल्लेखाला सोबत ‘डिस्कव्हरी’ लिहा. ‘आढावा’ मात्र खोडा, तो वार्षिक सभेत घेतात.