'न्यायाचा दिवस' की 'निवाड्याचा'?

पऱ्हाटी (मूळ प्रश्न; खाली इतरांची उत्तरं, टोपणनावांनी)

मागच्या महिन्यात परतवाड्याजवळच्या एका गावात मातीला गेलो होतो. (बाहेरच्या वाचकांसाठी: आमच्याकडे माती म्हणजे अंत्यविधी, मग दहन असो की दफन.) गेलेले गृहस्थ ख्रिस्ती, माझ्या वडिलांचे शाळासोबती. कबरीपाशी पाळक बोलले, त्यात 'न्यायाच्या दिवशी आपण सगळे उभे राहू' असं आलं. परतताना शेजारची एक म्हातारी, ती ख्रिस्ती नव्हे, मला म्हणते, "बाप्पा, न्याय भेटंन म्हन्ते, मंग भ्याचं काहून? चांगलंच हाय ना!"

मला उत्तर सुचलं नाही. आपल्याकडे न्याय 'भेटतो'. तो मागायचा असतो, त्यासाठी मोर्चे निघतात, तारखांवर तारखा होतात. भ्यायचं ते शिक्षेला. मग इंग्रजीतल्या 'जजमेंट'साठी मराठी बायबलवाल्यांनी 'न्याय' का धरला? निवाडा, फैसला, झाडा हे शब्द होतेच की.

जुनं खळं

आधी एक दुरुस्ती. मूळ शब्द इंग्रजी नाही. नवा करार ग्रीक भाषेतला, आणि तिथला शब्द 'क्रिसिस'. त्यामागचं क्रियापद 'क्रिनेइन', त्याचा जुना अर्थ वेगळं करणं, निवडणं. आता 'निवाडा' पाहा. तो 'निवडणे' याच घरातला. सुपात ज्वारी घेऊन खडे काढणारी बाई आणि ओट्यावर बसून भांडण तोडणारा पंच, दोघांचंही काम मराठीनं एकाच धातूवर भागवलं. ग्रीकचंही तसंच.

हे नुसतं व्युत्पत्तीचं कौतुक नाही, चित्रंही तशीच आहेत. मत्तयाच्या शुभवर्तमानात, तिसऱ्या अध्यायात, बाप्तिस्मा करणारा योहान सांगतो की येणाऱ्याच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या, हातात सूप आहे. तो खळं साफ करील, गहू कोठारात भरील आणि भुसा न विझणाऱ्या आगीत टाकील. (वऱ्हाडातल्या माणसाला इथे थोडं खटकतं. कुटार जाळतं कोण? ते बैलाच्या तोंडचं.) पंचविसाव्या अध्यायात राजा मेंढपाळासारखा माणसं वेगळी करतो, मेंढरं एका बाजूला, शेरडं दुसऱ्या बाजूला. विचारतो काय, तर भुकेल्याला जेवू घातलं का, तहानलेल्याला पाणी दिलं का, तुरुंगातल्याला भेटायला गेला का.

तेराव्या अध्यायातली गोष्ट मला सगळ्यांत आवडते. गव्हात कुणी दुष्टाव्यानं निदण (म्हणजे तण) पेरून जातो. गडी म्हणतात उपटू का, मालक म्हणतो कापणीपर्यंत राहू द्या, नाहीतर गहूही उपटला जाईल. आपल्याकडे निंदण वेळेवर न करणाऱ्याची गावभर टिंगल होते, म्हणून इथला शेतकरी ही गोष्ट ऐकून चमकतोच. पण मुद्दा तिथेच आहे. निवड होणार, पण हंगाम संपल्यावर. आणि ती गड्यांच्या हातात नाही, देवदूतांच्या हातात आहे. हे सगळं 'निवाडा' शब्दात बसतं. 'न्याय' म्हटलं की काळा कोट दिसतो.

मंडळीतली

मी याच भागातली, ख्रिस्ती घरातली. आमच्यात 'न्यायनिवाडा' असा जोडशब्दही चालतो, पण बोलण्यात 'न्याय'च येतो. आणि त्या आजींचं फारसं चुकलेलं नाही. स्तोत्र ९६ मध्ये शेत आनंद करतं, रानातली झाडं गातात, कारण देव पृथ्वीचा न्याय करायला येतोय. हिब्रूतला 'शोफेट', म्हणजे न्याय करणारा, हा नुसता शिक्षा सुनावणारा नव्हे. दबोरा, गिदोन हे बायबलातले शोफेट लोकांना शत्रूच्या हातून सोडवणारे, आणि त्यांच्या पुस्तकाला मराठी बायबलात नाव काय, तर 'शास्ते'! लहानपणी ते ऐकून मला छडीवाले गुरुजी दिसायचे.

तरी भीती उरतेच, कारण तिथे शेजाऱ्याबरोबर आपणही उभे असतो. इब्री लोकांस पत्रात (९:२७) माणसाला एकदाच मरणं आणि मग न्याय, असं आहे. पुन्हा जन्म घेऊन फेडायची सोय नाही. शेजारपाजाऱ्यांना हे समजावताना खरी अडचण इथे येते.

मरण आणि तो दिवस यांच्या मधे काय, यावर मंडळ्यांचं (म्हणजे चर्चांचं) एकमत नाही. नागपुरात १८४५ साली काम सुरू करणाऱ्या मिशनऱ्यांची परंपरा स्कॉटिश. तिच्या विश्वासाची लेखी मांडणी म्हणजे वेस्टमिन्स्टरचा कबुलीजबाब, १६४७ चा. त्यानुसार विश्वासणाऱ्याचा आत्मा लगेच देवाकडे जातो, शरीर पुनरुत्थानापर्यंत कबरीत विसावतं, आणि स्वर्ग-नरकाशिवाय तिसरी जागा नाही. कॅथलिक मात्र मरताक्षणी प्रत्येकाचा एक न्याय आणि शेवटी सगळ्यांचा एक, असे दोन मानतात. मधे शुद्ध होण्याची अवस्थाही. म्हणून २ नोव्हेंबरला ते मृतांसाठी प्रार्थना करतात. आमच्याकडे ती नाही.

कबरीच्या दगडावर मात्र 'प्रभूत निजला'. पत्रिकेत 'ख्रिस्तवासी'. आजोबांच्या वेळी छापखान्यानं सवयीनं 'कै.' छापलं, तेव्हा आजी भडकली होती: "थे कैलासावर काहून जातीन?"

निवाडपत्र

'निवाडा'ला माझी हरकत. मराठेशाहीपासून त्याला वादी लागतो, प्रतिवादी लागतो, शेवटी निवाडपत्र होतं. देवापुढे वादी कोण? रोमकरांस पत्रात प्रत्येकानं आपापला हिशेब द्यायचा आहे. म्हणजे 'झाडा'. प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायात वह्या उघडतात, त्यांत कृत्यं लिहिलेली. इथवर चित्रगुप्तच. पण बाजूला आणखी एक पुस्तक आहे, जीवनाचं, आणि त्यात नाव आहे की नाही एवढंच पाहतात. तलाठ्याच्या दप्तरात उभं राहिलेल्यांना ती धडधड माहीत आहे.

जुनं खळं

वादी नाही कसा? मत्तय २५ मधले ते उपाशी लोक कोण मग? ज्यांना जेवू घातलं नाही, तेच वादी. उलट राजा म्हणतो, त्यांच्यासाठी केलं नाही ते माझ्यासाठीच केलं नाही. म्हणजे खुर्चीवरचाच वादी.

निवाडपत्र

हे बरोबर धरलंत. मग मात्र तो निवाडाही नाही. वादीच पंच झाला तर आमच्या तालुक्यात अपील होतं.

पऱ्हाटी

रविवारी पुन्हा त्या गावी जाणं झालं. म्हातारीला सांगितलं, न्याय नाही, निवाडा म्हणा. निवडणं आहे ते, सुपातल्यासारखं. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "निवाडा तं ओट्यावर होते बाप्पा, आन् ज्याच्या घरी मोठी पंगत त्याच्याच बाजूनं होते. न्यायच राहू द्या."

तूर्त पाळकांचाच शब्द कायम.