दोन वेळा लळा लावायचा आणि गोव्याला जायचं: परदेशी 'सेवा-सहल' आपल्या भागात नको

खानापूर_रोड
परवाच्या पोस्टला उत्तर देतोय. परदेशी तरुणांनी बेळगावजवळच्या एका बालगृहात सहा आठवडे मुलांना शिकवावं, शनिवार-रविवारी गोकाक, हंपी, गोवा बघावं, यात सगळ्यांचंच भलं आहे, असं त्यात म्हटलंय. खाली सगळे हात जोडून मोकळे. एकानंही प्रश्न विचारला नाही.

सहा आठवडे कुठल्या व्हिसावर? ई-टुरिस्ट व्हिसावर बिनमोबदला सेवा जास्तीत जास्त एक महिना करता येते. बालगृह बालन्याय कायदा २०१५ च्या कलम ४१ खाली नोंदलेलं आहे का? नसेल तर कलम ४२ नुसार चालकाला एक वर्षापर्यंत कैद, किंवा किमान एक लाख दंड, किंवा दोन्ही. आणि तो फोटो! बालगृहातल्या मुलाची ओळख उघड करायला कलम ७४ ची बंदी आहे. पोस्टमधल्या फोटोत मुलांचे चेहरे स्पष्ट दिसतात.

कायद्याचं सोडा. घरापासून तुटलेलं मूल कुणाही नव्या माणसाच्या मांडीवर लगेच जाऊन बसतं. पाहुण्याला वाटतं, किती माया लावली पोरानं! तो निघून जातो, दुसरा येतो. पोराच्या वाट्याला दर वेळी नवी ताटातूट. तुमच्या घरातलं मूल असं दर महिन्याला अनोळखी माणसाच्या हाती द्याल?

मलप्रभा_काठ
बालगृहाबद्दल पटलं. पण सगळ्यांना एकाच दावणीला कशाला बांधता? जांबोटी-कणकुंबीकडच्या शाळेत इंग्रजी पुस्तकात असतं, कानावर पडत नाही. समोर बोलणारा माणूस आला तर पोरांची भीड चेपते. त्यात वाईट काय?

खानापूर_रोड
भीड चेपते ती पाहुण्यांशी हसण्यापुरती. प्रत्येक नवी तुकडी रंगांची नावं आणि 'हेड, शोल्डर्स'पासूनच सुरुवात करते, कारण आधीच्यांनी काय शिकवलं याची नोंद कुणी ठेवत नाही. नली-कली म्हणजे कर्नाटकातल्या सरकारी शाळांची हसतखेळत शिकण्याची पद्धत; तिच्या वर्गात पहिली ते तिसरीची पोरं एकत्र बसतात. प्रत्येक जण धड्यांच्या शिडीच्या आपापल्या पायरीवर कार्डं घेऊन काम करतो. तिथे कुणी मध्येच सगळ्यांना गोल करून नाचायला लावलं की बाईंची घडी विस्कटते, ती पुन्हा बसवायला दिवस जातात. शिवाय हे लोक येतात डिसेंबर ते फेब्रुवारीत, नेमकी दहावीची उजळणी चालू असताना.

निपाणीकर
मूळ दुखणं कुणीच बोलंना. मराठी शाळेत मास्तर नाहीत! जागा रिकाम्या, अतिथी शिक्षकावर वर्ष काढायचं. घटनेचं ३५०अ कलम सांगतं, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय हवी. सोय म्हणजे नुसती इमारत काय? कुणी परदेशी येऊन उभा राहिला की कागदावर 'उपक्रम' दिसतो आणि रिकामी जागा झाकली जाते.

चन्नम्मा_चौक
प्रत्येक धाग्यात सीमाप्रश्न आणायलाच हवा का? मराठी शाळा सरकारनं एकट्यानं नाही ओस पाडल्या. माध्यम निवडायचा हक्क पालकांचा, असं २०१४ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं. सकाळी गावागावांतून इंग्रजी शाळांच्या व्हॅन भरून जातात, त्यात कुणाची पोरं असतात? आणि कन्नड नीट न येणारं पोर उद्या तालुका कचेरीत अडतं, त्याचं काय?

निपाणीकर
कन्नड शिकायला कोण नाही म्हणालंय? शिकवायला माणूस द्या म्हणतोय! एकाच मास्तरावर चार वर्ग, त्यात जेवणाचा हिशेब, दुधाचा हिशेब, ऑनलाइन माहिती भरणं. अशा शाळेतून बापानं पोर काढलं तर दोष बापाचा? हे बोलणं संतापजनक आहे.

चन्नम्मा_चौक
रिकाम्या जागांबद्दल तुमचं खरं आहे, तेवढंच मानतो. पोरं काढून घेतली की पटसंख्या पडते आणि पुढची जागाही जाते, हेही तितकंच खरं.

मलप्रभा_काठ
आता मूळ मुद्द्यावर या. अटी घालून चालेल का, ते सांगा.

खानापूर_रोड
नाइलाजानं सांगतो. बालगृह नाहीच. शाळा असेल तर आधी डीडीपीआयची, म्हणजे जिल्ह्याच्या शिक्षण उपसंचालकांची लेखी परवानगी. खानापूर असेल तर बेळगाव कार्यालयाची, निपाणी असेल तर चिक्कोडीची. एसडीएमसीचा, म्हणजे शाळेच्या विकास व देखरेख समितीचा ठराव. पाहुण्याच्या देशातला पोलीस दाखला. मुलासोबत बंद खोलीत एकटं बसायचं नाही, फोटो नाही, चॉकलेट नाही. वही-पुस्तकं मुख्याध्यापकांकडे द्यायची, साठा नोंदवहीत चढवायची. रोख पैसे अजिबात नाहीत. परदेशी नागरिकानं संस्थेला रुपयांत दिलेली रक्कमही परदेशी देणगीच ठरते, एफसीआरए या परदेशी देणगीच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय घेता येत नाही. ज्या घरी उतरेल त्यांनी चोवीस तासांत ऑनलाइन नोंद करायची.

काम पोरांसोबत नको, बाईंसोबत हवं. रोज शाळा सुटल्यावर तासभर इंग्रजी संभाषण, धड्यांचं वाचन रेकॉर्ड करून ठेवणं, वाचनालयातली पुस्तकं अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा पातळ्यांनी लावणं. माणूस गेला तरी हे शाळेत राहतं.

फिरण्याबद्दलही पोस्टमध्ये थापाच आहेत. गोकाकचा धबधबा जुलै ते सप्टेंबरात बघावा, जानेवारीत नुसता कातळ दिसतो. हंपी एका बाजूला अडीचशे किलोमीटरच्या वर, रविवारी रात्री परतलेला माणूस सोमवारी वर्गात काय उभा राहणार? जवळ हलशीचं भूवराह नरसिंहाचं देऊळ आहे, नंदगड आहे, राजहंसगड आहे. ते एका दिवसात होतात.

मलप्रभा_काठ
बाईंसोबत काम, हे मान्य. बीईओ, म्हणजे तालुक्याच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या ऑफिसला द्यायचा मसुदा मी करते. पोस्ट टाकणाऱ्याकडे बालगृहाचं नोंदणी प्रमाणपत्रही मागते. आठवड्यात आलं नाही तर मुलांसाठीच्या १०९८ या हेल्पलाइनवर कळवायचं.