मदत हवी आहे : नदी सीमा असेल तर रेषा नेमकी कुठे काढावी?

आफ्रिकेचा प्राकृतिक आणि राजकीय नकाशा एकावर एक ठेवून काढताना मी एका ठिकाणी अडलो आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. इजिप्त-सुदान सीमा बहुतांशी २२ अंश उत्तर अक्षवृत्ताला धरून जाते, तिथे पट्टी ठेवली की काम भागते. अडचण आहे ती नामिबियातून पूर्वेकडे बोटासारख्या निघालेल्या कॅप्रिव्ही पट्टीची. झांबेझी नदीपर्यंत वाट मिळावी म्हणून जर्मनीने १८९० च्या करारात ही चिंचोळी पट्टी मिळवली (पुढे त्या नदीवर व्हिक्टोरिया धबधबा आडवा येतो, हे त्यांच्या नजरेतून कसे सुटले कोण जाणे!). तिच्या दक्षिणेला चोबे नदी ही बोट्स्वानाबरोबरची सीमा आहे. त्या पात्रातले कासिकिली-सेदुदू बेट आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९९९ मध्ये बोट्स्वानाला दिले, कारण नदीचा मुख्य प्रवाह बेटाच्या उत्तरेकडून वाहतो असे न्यायालयाने मानले.

माझा प्रश्न असा, की अशा नद्यांवर सीमा दाखवताना पात्राचा मध्य धरावा की सर्वांत खोल प्रवाह? आणि पुराने प्रवाहच सरकला, तर नकाशातली रेषाही सरकवायची का? लहान प्रमाणाच्या नकाशात हा फरक दिसणार नाही हे मान्य, पण माझा नकाशा मोठ्या प्रमाणाचा आहे.