खांबासमोरची दुचाकी छायाचित्रातून स्वच्छ कशी काढावी?

खानापूरची_मास्तरीण

नमस्कार. आमच्या शाळेच्या स्मरणिकेसाठी मी सहलीच्या वेळी बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती या जुन्या जैन मंदिराची छायाचित्रे काढली होती. त्यांतील एक मुखपृष्ठासाठी सर्वांना पसंत पडले आहे, पण त्यात तीन अडचणी आहेत. आकाशातून एक वीजवाहिनीची तार आडवी गेली आहे आणि ती छपराच्या दगडी कडेवरूनही जाते. मुखमंडपात एक गृहस्थ भ्रमणध्वनीवर बोलत उभे आहेत. आणि अगदी पुढे कोणीतरी आपली दुचाकी अशी लावली आहे की एका खांबाचा खालचा भाग आणि जोत्याचे कोरीवकाम झाकले गेले आहे. फोनवरील एका अ‍ॅपने बोट फिरवताच दुचाकी गायब केली, पण खांब मात्र मेणबत्तीसारखा वितळून खाली ओघळल्यासारखा दिसतो. माझ्याकडे चार जीबी रॅमचा जुना लॅपटॉप आहे आणि त्यावर भाच्याने गिंप हे चित्रे दुरुस्त करण्याचे मोफत सॉफ्टवेअर बसवून दिले आहे. विकत घेण्याचे सॉफ्टवेअर परवडणारे नाही. हे काम शिकायला सुरुवात कोठून करावी?

कुंदा_आणि_कॅमेरा

ताई, तुमच्या तिन्ही अडचणी एका जातीच्या नाहीत, म्हणून उपायही निरनिराळे आहेत. छायाचित्रातून वस्तू 'खोडता' येत नाही, कारण तिच्या मागे काय होते याची नोंद त्या फाइलमध्ये नसतेच; ती जागा दुसरीकडून आणलेल्या तुकड्याने भरावी लागते. आकाशाचा तुकडा शेजारीच मुबलक मिळतो, कोरीवकामाचा मिळत नाही. तुमच्या अ‍ॅपची फजिती तिथेच झाली.

गिंपमध्ये चित्र पारदर्शक कागदांसारख्या एकावर एक थरांत (लेअर) ठेवता येते; प्रथम मूळ थराची प्रत करून घ्या आणि सर्व काम प्रतीवर करा. मोकळ्या आकाशातील तारेसाठी हील टूल घ्या. तारेपेक्षा जेमतेम रुंद ब्रश ठेवा, कंट्रोल कळ दाबून तारेच्या अगदी लगतच्या आकाशावर टिचकी मारा, मग तारेच्या एका टोकाला टिचकी मारून शिफ्ट कळ धरून पुढे थोड्या अंतरावर दुसरी टिचकी मारा. मधला पट्टा सरळ रेषेत भरला जातो. नमुना लांबून घेऊ नका, कारण आकाश क्षितिजाकडे फिकट होत जाते आणि लांबचा निळा लगेच ठिगळासारखा दिसतो.

तार छपराच्या कडेशी पोहोचली की हील टूल बाजूला ठेवा. ते टूल नमुन्याचा पोत घेते आणि रंग व उजेड आसपासच्या भागाशी जुळवते. त्यामुळे काळा दगड आणि उजळ आकाश जिथे भेटतात तिथे दोन्ही रंग एकमेकांत मिसळून धुरकट डाग पडतो. तेथे क्लोन टूल वापरा, कारण ते जसेच्या तसे उतरवते. चित्र दोनशे टक्के मोठे करा, ब्रशची कडा थोडी टणक ठेवा, कडेवरच पुढे एका स्वच्छ जागी नमुना घ्या आणि कडेवर कडा बरोबर बसवून आखूड फटकारे मारा. आधी कड पूर्ण करावी, मग आतला दगड. एकाच जागेचा नमुना सारखा घेतला तर तोच डाग ओळीने उमटतो आणि वाचक मुखपृष्ठ हातात घेताच तो ओळखतो.

गृहस्थांच्या मागे अंधारच असेल तर क्लोनने काम होईल. दुचाकी मात्र अवघड आहे. बस्तीचे ते खांब कातीव आहेत, म्हणजे लेथवर फिरवल्यासारखे गोल आणि जोडीजोडीने सारखे. त्यामुळे पलीकडचा तसाच खांब निवडून, वेगळ्या थरावर आडवा उलटवून, आकार जुळवून ठेवता येईल. पण उलटवल्यावर उजेडाची बाजूही उलटते. ऊन डावीकडून आले असेल तर तुमचा नवा खांब उजवीकडून उजळलेला दिसेल. आणि हो, दुचाकीबरोबर तिची सावलीही काढा. नवशिका हमखास तिथेच पकडला जातो.

रिसिंथेसायझर नावाचे जोडसॉफ्टवेअरही आहे, पण ते गिंपमध्ये वेगळे बसवावे लागते. निवडलेली जागा ते आजूबाजूच्या पोताने आपोआप भरते. गवत, माती, फरसबंदी यांसाठी चांगले, खांबासाठी नाही.

जुना_स्टुडिओवाला

खडेबाजाराच्या बाजूला एका स्टुडिओत मी तरुणपणी रिटचिंग केले आहे. त्या काळी निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलने चेहऱ्यावरच्या सुरकुत्या भरायच्या आणि ब्रोमाइडवरचे, म्हणजे छापील कागदी फोटोवरचे, पांढरे ठिपके अगदी बारीक ब्रशने पाण्यातल्या रंगाने मिटवायचे, एकेक ठिपका. आमचे मालक दर दहा मिनिटांनी चित्र हातभर लांब धरायला लावत, कारण भिंगातून सुरेख वाटणारे काम लांबून पाहिले की डागासारखे दिसते. मास्तरीणबाई, तुम्हीही मोठे करून काम करा आणि मधूनमधून पूर्ण चित्र पडद्यावर आणून पाहा. पुढच्या सहलीच्या वेळी दुचाकीवाल्यालाच 'अण्णा, जरा गाडी तिकडं घ्या' म्हटले तर एवढा खटाटोप लागणार नाही.

घटप्रभेकाठी

तांत्रिक माहिती उत्तम आहे, परंतु मला एक आक्षेप नोंदवायचा आहे. कमल बस्ती ही रट्ट राजांच्या काळातील, १२०४ सालची वास्तू आहे. तार किंवा माणूस काढणे वेगळे. पण जोत्यावरचे न दिसणारे कोरीवकाम दुसरीकडून आणून चिकटवणे म्हणजे जे तिथे आहे की नाही हे ठाऊक नाही ते मुलांना दाखवणे होय. १९८२ साली नॅशनल जिऑग्राफिकने मुखपृष्ठाच्या उभ्या चौकटीत मावावेत म्हणून गिझाचे पिरॅमिड एकमेकांजवळ सरकवले, तेव्हा त्यावर बरीच टीका झाली होती. तिथे तर एक दगडही नव्याने रचला नव्हता, फक्त अंतर बदलले होते.

कुंदा_आणि_कॅमेरा

आक्षेप योग्य आहे. खांब उलटवण्याचा माझा सल्ला मी जोत्यापुरता मागे घेतो. त्यापेक्षा ताईंनी एखाद्या रविवारी सकाळी लवकर जाऊन, जुने छायाचित्र फोनवर समोर ठेवून, त्याच जागेवरून आणि त्याच उंचीवरून दुसरे काढावे. एक पाऊल इकडेतिकडे झाले तरी पुढचा खांब मागच्या भिंतीवर सरकलेला दिसतो आणि दोन चित्रे एकावर एक बसत नाहीत. त्रिपॉड लावायचा असेल तर रखवालदाराला आधी विचारावे. नवे चित्र खालच्या थरावर ठेवून वरच्या थराला लेअर मास्क, म्हणजे थराचा हवा तो भाग झाकणारा पडदा, लावा आणि दुचाकीच्या जागी मास्कवर काळा ब्रश फिरवा. खालचा खरा दगड वर दिसू लागेल.

ये-जा करणाऱ्या माणसांसाठी मात्र एकाच वेळी, कॅमेरा न हलवता, थोड्या थोड्या अंतराने सात-नऊ चित्रे घेऊन त्यांचा मध्यक काढतात, म्हणजे प्रत्येक ठिपक्यासाठी सर्व चित्रांतील मधली किंमत घेतात. निम्म्याहून अधिक चित्रांत जी जागा मोकळी असते तेथून माणूस आपोआप नाहीसा होतो. उभी दुचाकी या युक्तीला दाद देत नाही.

खानापूरची_मास्तरीण

सर्वांचे आभार. तार काल रात्री काढली. छपराच्या कडेशी तीन वेळा चुकले आणि चौथ्यांदा जमले. गृहस्थही गेले, फक्त त्यांच्या एका चपलेचे टोक खांबाआड राहिले होते, ते आमच्या सातवीच्या मुलीने दाखवून दिले. दुचाकी मी तशीच ठेवली आहे. येत्या रविवारी खानापूरहून पहिल्या गाडीने निघत आहे आणि स्मरणिकेत चित्राखाली 'तार व एक व्यक्ती काढून टाकली आहे' असे छापण्यास मुख्याध्यापकांची संमती घेतली आहे. एकच शंका उरली: आधीचे चित्र दुपारी तीनचे आहे. सकाळचे ऊन दुसऱ्या बाजूने येईल, तर दोन थर जुळतील का?

कुंदा_आणि_कॅमेरा

नाही जुळणार, ताई. दुपारी तीनलाच जा, आणि अण्णांना गाडी बाजूला घ्यायला सांगा.