पॅनिक डिसऑर्डर मेंदूच्या स्कॅनमध्ये दिसतो का?

प्रश्न (फोंडा) : माझ्या धाकट्या बहिणीला अचानक धडधड, श्वास कोंडणे आणि आता जीव जाणार अशी भीती यांचे झटके येतात. ईसीजी, थायरॉईड, मेंदूचा एमआरआय, सर्व काही नॉर्मल आहे. बांबोळीच्या मानसोपचारतज्ज्ञांनी पॅनिक डिसऑर्डरचे निदान केले आहे. ‘रिपोर्ट नॉर्मल, मग हे मनाचे खेळ’ असे घरातली वडीलधारी माणसे म्हणतात आणि ती अधिकच खचते. फंक्शनल एमआरआय केल्यास हा आजार दाखवता येईल का?

उत्तर (पणजी) : नेहमीचा एमआरआय गाठ, रक्तस्राव अशी कारणे वगळण्यासाठी असतो, तो नॉर्मल आला म्हणून त्रास खोटा ठरत नाही. फंक्शनल एमआरआय रक्तातील प्राणवायूच्या बदलांवरून मेंदूचा कोणता भाग सक्रिय आहे याचा अंदाज देतो, परंतु पॅनिकविषयीचे निष्कर्ष रुग्णांच्या गटाची सरासरी निरोगी गटाशी ताडून काढलेले असतात, आणि दोन्ही गटांतील व्यक्तींची मापे एकमेकांत इतकी मिसळतात की एकट्या व्यक्तीच्या प्रतिमेवरून निदान करता येत नाही. त्यावर पैसे खर्च करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर (मडगाव) : सहमत आहे. या संशोधनाला स्वतःचे निष्कर्षही दुरुस्त करावे लागले आहेत. १९८९ साली सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी, शिरेतून लॅक्टेट (पॅनिकच्या रुग्णांत झटका आणू शकणारे द्रव्य) देऊन पॅनिक अटॅक आणल्यावर टेम्पोरल लोबच्या (कानाजवळच्या मेंदूच्या भागाच्या) टोकांशी रक्तप्रवाह वाढतो, असे पेट स्कॅनवरून (किरणोत्सारी द्रव्य वापरून रक्तप्रवाह दाखवणाऱ्या तपासणीवरून) मांडले होते. १९९२ मध्ये तेथीलच गटाने दाखवले की हा संकेत बहुधा मेंदूबाहेरचा, दात आवळताना ताणल्या जाणाऱ्या स्नायूंचा असावा. २००० साली मानसोपचारतज्ज्ञ जॅक गॉर्मन व सहकाऱ्यांनी अमिग्डाला (भीतीशी निगडित असलेला मेंदूचा छोटा भाग) केंद्रस्थानी ठेवून मेंदूतील भीतीच्या जाळ्याची मांडणी केली, पण २०१३ मध्ये दोन्ही बाजूंचे अमिग्डाला निकामी असलेल्या तीन रुग्णांना ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड हुंगायला दिल्यावर त्यांनाही पॅनिक अटॅक आला. त्यांतील एका स्त्रीला तर सापांचीही भीती वाटत नसे! शरीरातून उठणारा धोक्याचा इशारा अमिग्डालाखेरीज वेगळ्या वाटेनेही जातो, हे त्यातून कळते, आणि घरच्यांना सांगण्यासारखे हेच आहे.

पुन्हा फोंडा : आभारी आहे. औषध सुरू आहे. समुपदेशनही हवे का?

उत्तर (पणजी) : अवश्य. कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपीचा (विचार आणि वागणूक बदलायला शिकवणाऱ्या समुपदेशनाचा) या आजारात चांगला उपयोग होतो, तेव्हा पुढच्या भेटीत त्याच डॉक्टरांकडे ती मागून घ्यावी. औषध मात्र त्यांना न विचारता बंद करू नये. मधल्या काळात टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर बोलता येते.