मदत हवी आहे : कॉफी स्टाउट खराब झालीय की अशीच लागते?

विश्रामबागकर
लवकर सांगा, रविवारी साडू येतोय.
काल रात्री साडूने दिलेली कॉफी स्टाउट (काळी, कडू बिअर) फोडली. पहिला घोट जळक्या भाकरीचा. दुसऱ्याला चायनीजच्या गाडीवरचा सोया सॉस. कॉफी म्हणाल तर कप विसळलेल्या पाण्याइतकी. आणि मागून चक्क ढोबळी मिरची! बायकोला वास दिला तर म्हणाली, "भाजी कुणी केली?" निम्मी बेसिनमध्ये ओतली. अजून एक बाटली आहे. साडू आल्या आल्या "कशी वाटली?" विचारणार, आणि "बरी होती" म्हणून तो सोडत नाही, त्याला सविस्तर लागतं. तर ही खराब झाली होती की अशीच असते? दुसरी फोडू की नको? एवढंच सांगा. पिऊ नका हे सांगायला येऊ नका.

कोरा_चहा
पिऊ नका.

सध्या_बंगळुरू
कोणती स्टाउट? किती टक्के? कधीची? किती थंड करून प्यायलात? ग्लास कसला? यातलं काहीच लिहिलं नाही आणि म्हणे लवकर सांगा.

विश्रामबागकर
स्ट्राँग आहे. थंड म्हणजे थंड, तासभर फ्रीझरमध्ये होती. स्टीलचा पेला.

सध्या_बंगळुरू
अरारा. लागर (आपली नेहमीची पिवळी बिअर) आणि स्टाउट एकाच मापाने नका मोजू. बर्फगार केली की वास दबतो आणि नुसता कडूपणा वर येतो. दहा-बारा अंशांवर काचेच्या ग्लासात प्यायची. फ्रिजमधून काढून वीस मिनिटं बाहेर ठेवा, मग ओता.

मिरजेची_सून
सांगलीत मे महिन्यात वीस मिनिटं बाहेर? चहा होईल त्याचा. सातआठ मिनिटं पुरे.

हौशी_खवय्या
स्ट्राँग म्हणजे काय स्ट्राँग, कॉफी की दारू? लोकांना वाटतं काळी म्हणजे जास्त चढणारी. डब्लिनच्या गिनेसची साधी ड्राफ्ट स्टाउट सव्वाचार टक्क्यांच्या आसपास असते, आपल्या दुकानातल्या स्ट्राँग बिअरपेक्षा हलकी. काळा रंग करपवलेल्या जवाचा. आणि निव्वळ त्या जवानेही कॉफीसारखी चव येते, त्यामुळे तुमच्या बाटलीत खरी कॉफी आहे की नुसता भास, हे आधी लेबलावर बघा.

विश्रामबागकर
लेबलावर इंपीरियल लिहिलंय, १० टक्के. खाली कॉफी पण लिहिलीय.

हौशी_खवय्या
हे पहिल्यांदा सांगायचं ना! इंपीरियल म्हणजे अठराव्या शतकात लंडनहून रशियाच्या दरबाराला जायची त्या जातीची. जड, गोडसर, कडू. ती घटाघटा प्यायची नसते.

पोवईनाका
साताऱ्याचा माणूस म्हणून सांगतो, सोबत कंदी पेढा घ्या. खवा परतून परतून तांबूस झालेला असतो, तो करपट गोडवा या बिअरच्या कडूपणाला बरोब्बर भेटतो. भडंग-बिडंग नको, मीठ-तिखटाने जीभ मेली की कॉफी कळत नाही.

भडंगप्रेमी
हे साताऱ्याचं झालं. बिअरबरोबर गोड कोण खातं राव? सांगलीत बसून पेढा म्हणजे हळद सोडून केशर. भडंग, वर कच्चा कांदा, लिंबू.

पोवईनाका
लिंबू आणि स्टाउट? दंडवत.

कॉफीदूत
कॉफी असली की चढत नाही. स्वानुभव.

सध्या_बंगळुरू
साफ चूक. कॅफिनने झोप उडते, दारू उतरत नाही. चढलेली असताना आपण शुद्धीत आहोत असं वाटतं, हे उलट वाईट. असं वाचून कुणी गाडी काढेल.

कोरा_चहा
दारू पिण्याचा परवाना काढलाय का?

विश्रामबागकर
परवान्याचं कुणी विचारलं? ढोबळी मिरचीचं सांगा!

मिरजेची_सून
तो वास खरा आहे, तुमच्या नाकाचा दोष नाही. कॉफी घातलेली बिअर फार दिवस राहिली की ढोबळी मिरचीसारखा वास धरते. हलक्या भाजलेल्या बियांची असेल तर जास्तच. सोया सॉस म्हणजे हवा आणि उष्णता लागली. आमच्याकडे घरी हाच अनुभव आलाय. बाटली होती कुठे इतके दिवस?

विश्रामबागकर
घरातच.

मिरजेची_सून
घरात कुठे?

विश्रामबागकर
माळ्यावर. पत्र्याखाली. साडू दिवाळीला इंग्लंडहून आला तेव्हा दोन दिल्या. फ्रिजमध्ये एकच मावली, कैरीच्या पन्ह्याच्या बरणीमागे आहे. दुसरी माळ्यावर टाकली, काल तीच काढली.

सध्या_बंगळुरू
एप्रिल-मे पत्र्याखाली! अहो, त्यात पापड वाळतात.

भडंगप्रेमी
विमानाने दोन लिटरपर्यंत शुल्क न भरता आणता येते. साडूने दोनच बाटल्या दिल्या? बाकीच्या कुठेत?

हौशी_खवय्या
पण १० टक्क्यांची इंपीरियल मुरवायलाच ठेवतात लोक, वर्षानुवर्षं. माळा वाईट नाही.

सध्या_बंगळुरू
मुरवतात ती गार, अंधाऱ्या तळघरात. आणि कॉफीचा वास मुरत नाही, उडतो. कॉफी स्टाउट ताजीच प्यायची.

गोठ्यातला
यात दूध असतं का? मला दूध पचत नाही.

मिरजेची_सून
मिल्क स्टाउट लिहिलं असेल तर लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर घातलेली असते, ती टाळा. धागाकर्ते, फ्रिजमधली एकट्याने फोडू नका. रविवारी साडूभाऊंसमोरच फोडा, आणि माळ्याचं खरं सांगा. माणसं चवीपेक्षा खोटं पटकन ओळखतात.

विश्रामबागकर
बघतो. माळ्याचं सांगणं जरा अवघड आहे.

पोवईनाका
रविवार उलटून गेला की ओ. काय झालं?

विश्रामबागकर
फोडली. फ्रिजमधून काढून दहा मिनिटं ठेवली, दोन काचेचे ग्लास. एकाच खोक्यातल्या बाटल्या म्हणून विश्वास बसणार नाही. फेस तपकिरी, दुधाळ कॉफीच्या रंगाचा. वास फिल्टर कॉफीच्या पहिल्या डिकॉक्शनचा, त्यात थोडी काकवी. तोंडात आधी गडद चॉकलेट, मग भाजलेल्या शेंगदाण्याची साल चावल्यासारखं, आणि गिळल्यावर कडू, पण कारल्यासारखं नाही, कॉफीसारखं, बराच वेळ राहणारं. ढोबळी मिरची अगदी शेवटी, ग्लास कोमट झाल्यावर, तीही शोधली म्हणून. छातीत हळूच ऊब येते, ती १० टक्क्यांची असावी. मला आवडली असं नाही म्हणणार, पण एक ग्लास अर्धा तास पुरला आणि कंटाळा आला नाही.
पेढाही ठेवला होता. पोवईनाका बरोबर आहेत, हे लिहिताना जीव जड होतोय.
साडू एक घोट घेऊन म्हणाला, "ही चांगली राहिलीय. दुसरी कशी लागली?" मी म्हटलं, "तीही अशीच." तो म्हणाला, "मग माळ्यावरच्या खोक्यातून सोया सॉसचा वास का येतोय?" बायकोने आधीच फोन करून सांगितलं होतं.

मिरजेची_सून
मी सांगितलं होतं.

भडंगप्रेमी
अवांतर : पेढा कुठला आणला होता?

पोवईनाका
साताऱ्याचा.